भोकरचं भोकर : कपाटातला नमुना इंटरनेटवर कसा जातो?

(तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी)



आपल्या हॉस्टेलमध्ये ‘काय नमुना आहे!’ म्हटलं की प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे आपापला रूम पार्टनर येतो. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले, त्यामुळे या शब्दाचा मला आधी तोच अर्थ माहीत होता. पण जीवशास्त्रात नमुना म्हणजे स्पेसिमेन. वाळवून कागदावर चिकटवलेली वनस्पती, टाचणीला टोचलेला कीटक, बाटलीत ठेवलेला मासा किंवा पेंढा भरलेला पक्षी. वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला हर्बेरियम म्हणतात.

तुम्ही म्हणाल, हे बॉटनीवाल्यांचं काम, आपल्या मॅगझीनमध्ये कशाला? तर सांगते. हे नमुने इंटरनेटवर आणायचं काम निम्मं बॉटनीचं आणि निम्मं डेटाबेसचं आहे. आणि गंमत म्हणजे आपल्या भागातल्या वनस्पतींवरचा सगळ्यात गाजलेला जुना ग्रंथ एका इंजिनिअरनेच लिहिला आहे.

इंजिनिअर कुकसाहेब

थिओडोर कुक हे आयर्लंडचे इंजिनिअर. ते बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत आले आणि वसईचा लोखंडी पूल बांधायच्या कामावर होते. 1865 मध्ये ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचे (आजचं सी.ओ.ई.पी.) प्रिन्सिपॉल झाले आणि 1893 पर्यंत राहिले. पुढे त्यांनी ‘फ्लोरा ऑफ द प्रेसिडेन्सी ऑफ बॉम्बे’ हा दोन खंडांचा ग्रंथ लिहिला (1901 ते 1908). महाराष्ट्रात वनस्पती ओळखायला आजही तो उघडतात.

पण त्या ग्रंथात आपण नाही! कारण सरळ आहे. तो मुंबई इलाख्याचा ग्रंथ, आणि नांदेड-लातूर तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. संपूर्ण मराठवाड्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ यायला 1998 साल उजाडलं. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’, दोन खंड. म्हणजे आपल्याकडे झाडं नव्हती असं नाही, नोंद उशिरा झाली. आणि ज्याची नोंद नाही ते नकाशावर नसतं. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी लेख सोपा आहे.

सॉफ्टवेअर नेमकं काय करतं?

हर्बेरियमच्या एका शीटवर वाळवलेली फांदी असते आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक लेबल. त्यावर झाडाचं नाव, ठिकाण, तारीख, कोणी गोळा केलं आणि त्याचा नंबर. नवशिक्याला वाटतं, एक्सेलमध्ये पाच कॉलम केले की झालं. तसं केलं तर काय होतं? एकाच दिवशी एकाच जागी 40 झाडं गोळा केली तर जागेचं नाव 40 वेळा टाइप करावं लागतं, आणि त्यातलं पाच वेळा चुकतं. आपल्याला डीबीएमएसच्या पेपरला नॉर्मलायझेशन येतं ना, ते इथे खरोखर कामाला येतं.

म्हणून या सॉफ्टवेअरमध्ये वेगवेगळी टेबलं असतात :

1. नमुना – म्हणजे ती शीट. तिला बारकोड आणि एकच, कधीही न बदलणारा नंबर.
2. गोळा करण्याची घटना – कधी, कोणी.
3. ठिकाण – गाव, तालुका, अक्षांश-रेखांश.
4. ओळख – हे कोणतं झाड आहे, असं कोणी आणि केव्हा ठरवलं.
5. व्यक्ती – गोळा करणारे, ओळखणारे.

जगात अशी बरीच सॉफ्टवेअर आहेत. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठात सुरू झालेलं ‘स्पेसिफाय’, ऑक्सफर्डचं ‘ब्राम्स’, आणि ‘सिम्बायोटा’. यातलं सिम्बायोटा आपल्या ओळखीचं वाटेल, कारण ते पीएचपी आणि मायएसक्यूएलवर चालतं आणि त्याचा सोर्स कोड मोफत मिळतो.

पण प्रत्येक म्युझियमचं सॉफ्टवेअर वेगळं असेल तर डेटा एकत्र कसा करायचा? त्यासाठी ‘डार्विन कोअर’ नावाचं स्टँडर्ड आहे. ते 2009 मध्ये मंजूर झालं. कोणत्या कॉलमला काय नाव द्यायचं आणि त्यात काय भरायचं, हे त्यात ठरवून दिलंय. उदाहरणार्थ, लेबलवर ‘3-9-61’ लिहिलं असेल तर ते 3 सप्टेंबर की 9 मार्च? आणि 1861 की 1961? डार्विन कोअरमध्ये तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहायची : 1961-09-03. असा डेटा मग कोपनहेगनच्या ‘जीबिफ’ या जागतिक संस्थेकडे देता येतो. 2001 मध्ये सुरू झालेल्या या संस्थेकडे आज 2 अब्जांहून जास्त नोंदी आहेत आणि त्या कोणालाही फुकट बघता येतात.

आपल्या देशात बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं ‘इंडियन व्हर्च्युअल हर्बेरियम’ आहे. 2022 मध्ये त्याचं उद्घाटन झालं तेव्हा त्यात सुमारे 1 लाख शीट्सचे फोटो होते. मात्र एकट्या हावड्याच्या सेंट्रल नॅशनल हर्बेरियममध्येच सुमारे 20 लाख नमुने आहेत. म्हणजे काम किती बाकी आहे ते बघा.

फोटोचं गणित

भारतात हर्बेरियम शीट साधारण 42 × 28 सेंमीची असते. चांगल्या दर्जासाठी एका इंचात 600 पिक्सेल घेतात. गणित करू :

42 सेंमी = 16.5 इंच, म्हणजे सुमारे 9,900 पिक्सेल.
28 सेंमी = 11 इंच, म्हणजे सुमारे 6,600 पिक्सेल.
गुणाकार साडेसहा कोटी पिक्सेल. एका पिक्सेलला 3 बाइट धरले तर एक फोटो जवळपास 200 एमबी!

हजार शीट्सचे 200 जीबी. हॉस्टेलच्या नेटवर असला एक फोटो उघडेपर्यंत मेस बंद होईल. म्हणून मूळ फाइल हार्डडिस्कवर जपून ठेवतात आणि वेबसाइटवर फोटोचे छोटे-छोटे चौकोन करतात. आपण जेवढा भाग झूम करतो तेवढेच चौकोन डाउनलोड होतात. गूगल मॅप चालतो तसंच.

फोटोत शीटबरोबर मोजपट्टी आणि रंगांची पट्टी ठेवावीच लागते, नाहीतर पान किती लांब आणि फूल कोणत्या रंगाचं हे नंतर कळत नाही. आणखी एक महत्त्वाचं : किडे लागू नयेत म्हणून जुन्या शीट्सना मर्क्युरिक क्लोराइड लावलेलं असतं. ते विष आहे. ग्लोव्हज घातल्याशिवाय हात लावायचा नाही आणि तिथे बसून डबा खायचा नाही.

पत्ता : सगळ्यात अवघड कॉलम

फोटो काढणं सोपं आहे. खरी परीक्षा ‘ठिकाण’ या टेबलची. माझ्याच गावाचं उदाहरण घेते.

भोकर हे नांदेड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. पण भोकर हे झाडही आहे. त्याच्या कच्च्या फळांचं लोणचं घालतात आणि पिकलेल्या फळाचा चिकट गर डिंकासारखा वापरता येतो. सर्च बॉक्समध्ये नुसतं ‘भोकर’ टाकलं तर सॉफ्टवेअरने काय दाखवायचं, गाव की झाड? शिवाय श्रीरामपूर तालुक्यातही भोकर नावाचं गाव आहे, आणि ‘भोकर’ने सुरू होणारं सगळं मागितलं तर जालन्याचं भोकरदनही येऊन बसतं. म्हणून गाव, तालुका, जिल्हा, झाडाचं मराठी नाव आणि शास्त्रीय नाव हे सगळं वेगवेगळ्या कॉलममध्येच पाहिजे.

आता जिल्ह्याचं बघा. समजा एका शीटवर ‘उदगीर, जिल्हा बीदर’ लिहिलंय. आजचा मुलगा म्हणेल, चूक आहे, उदगीर लातूरमध्ये आहे. पण चूक नाहीये! 1956 पर्यंत उदगीर बीदर जिल्ह्यातच होतं. राज्यांची पुनर्रचना झाली आणि ते उस्मानाबादमध्ये आलं. 16 ऑगस्ट 1982 ला लातूर जिल्हा झाला आणि ते लातूरमध्ये गेलं. उस्मानाबादचं नाव आता धाराशिव झालंय. गाव जागेवरच, पण पत्ता बदलत राहिला. किनवटचंही तसंच. 1956 पर्यंत ते आदिलाबाद जिल्ह्यात होतं. आदिलाबाद आता तेलंगणात आहे. म्हणजे जुनं लेबल कोणी न समजता भरलं तर किनवटच्या जंगलातला साग सरळ तेलंगणाच्या खात्यात जमा!

यावर उपाय असा की लेबलवर जे आहे ते अक्षरशः, एक काना-मात्रा न बदलता, एका कॉलममध्ये ठेवायचं. डार्विन कोअरमध्ये त्याला ‘व्हर्बेटिम लोकॅलिटी’ म्हणतात. आपण त्याचा जो अर्थ लावला तो दुसऱ्या कॉलममध्ये. आपला अर्थ उद्या चुकीचा ठरला तरी मूळ शब्द शाबूत राहतात.

अक्षांश-रेखांशातही एक गोम आहे. भोकर साधारण 19.2 उत्तर, 77.7 पूर्व. अक्षांशाचा एक दशांश अंश म्हणजे सुमारे 11 किलोमीटर. लेबलवर फक्त ‘भोकर’ असेल आणि आपण गूगलवरून दशांश चिन्हापुढे चार-चार आकडे उचलून टाकले, तर 11 मीटरपर्यंत अचूक जागा माहीत असल्याचा आव आणला जातो. म्हणून ‘किती मीटर इकडे-तिकडे’ हाही एक कॉलम भरायचा. आपण मेट्रॉलॉजीत टॉलरन्स लिहितो, तेच हे.

नावं बदलतात, पुसायची नाहीत

भोकराच्या झाडाचं शास्त्रीय नाव आज ‘कॉर्डिया डायकोटोमा’. जुन्या पुस्तकांत तेच झाड ‘कॉर्डिया मिक्सा’ नावाने सापडतं. मग जुनं नाव खोडून नवं लिहायचं? मुळीच नाही. ‘ओळख’ या टेबलमध्ये नवी ओळ वाढवायची : कोणी, कधी, काय ठरवलं. जुनी ओळ तशीच. त्यामुळे दोन्हीपैकी कोणतंही नाव टाकून शोधलं तरी शीट सापडते.

लेबल खोटं असेल तर?

आपल्या राज्यातलीच गोष्ट आहे. रानपिंगळा नावाचं छोटं घुबड 1884 नंतर कोणाला खात्रीने दिसलं नव्हतं. जगातल्या सगळ्या म्युझियममध्ये मिळून त्याचे फक्त 7 नमुने. त्यातला एक रिचर्ड माइनर्ट्झहागन या इंग्रज अधिकाऱ्याचा. त्याने सांगितलं होतं की तो 1914 मध्ये गुजरातमध्ये मिळाला. पामेला रासमुसेन यांनी तपासलं तेव्हा कळलं की तो नमुना म्युझियममधून चोरलेला, पुन्हा शिवलेला आणि लेबल बनावट! जेम्स डेव्हिडसनने 1880 च्या दशकात खानदेशात गोळा केलेल्या पक्ष्यांपैकीच तो एक होता. मग खऱ्या लेबलांवरच्या जागी शोध घेतला आणि नोव्हेंबर 1997 मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा जिवंत सापडला. 113 वर्षांनी!

यातून आपल्यासाठी धडा असा : कॉम्प्युटर खरं-खोटं ओळखत नाही. खोटं लेबल भरलं तर तो ते जगभर इमानदारीने पोहोचवतो. म्हणून कोणी, केव्हा, काय भरलं याची नोंद सॉफ्टवेअरने ठेवलीच पाहिजे.

आणि सगळंच दाखवायचंही नसतं. चंदनाच्या झाडाचा अचूक पत्ता नेटवर टाकला तर तिथे अभ्यासकाच्या आधी चोर पोहोचेल. म्हणून अशा जातींची जागा मुद्दाम धूसर दाखवायची सोय या सॉफ्टवेअरमध्ये असते.

घाई कशासाठी?

26 एप्रिल 2016 ला दिल्लीचं राष्ट्रीय नैसर्गिक इतिहास संग्रहालय आगीत जळालं. त्याच्या कितीतरी आधी, 1 मार्च 1943 ला, बर्लिनचं मोठं हर्बेरियम बॉम्बहल्ल्यात जळालं होतं. पण मॅकब्राइड नावाच्या अमेरिकन माणसाने 1929 पासून तिथल्या महत्त्वाच्या शीट्सचे हजारो फोटो काढून ठेवले होते. मूळ शीट राहिली नाही, तिथे आजही तो फोटोच पुरावा म्हणून बघतात.

आपल्याकडे बॉम्बची गरज नाही. पावसाळ्यातली ओल आणि कपाटातले किडे पुरेसे आहेत. बॉटनी विभागाच्या कपाटात पडून असलेली एखादी शीट हाच कदाचित त्या माळरानाचा, त्या नाल्याचा एकमेव पुरावा असेल. तिथे आज प्लॉटिंग झालं असेल किंवा धरणाचं पाणी असेल.

आपण काय करू शकतो?

दरवर्षी मिनी प्रोजेक्टला आपण लायब्ररी मॅनेजमेंट आणि हॉस्टेल मॅनेजमेंट करतो. व्हायवा झाला की तो कोड पुन्हा कोणी उघडत नाही. त्याऐवजी जवळच्या सायन्स कॉलेजच्या बॉटनी विभागाला विचारून हे करता येईल :

- मेकॅनिकलवाल्यांनी वर्कशॉपमध्ये कॅमेऱ्याचा स्टँड करावा, इलेक्ट्रिकलवाल्यांनी सावली न पडणारा प्रकाश बसवावा.
- कॉम्प्युटर-आयटीने सिम्बायोटा इन्स्टॉल करावं. नवं सॉफ्टवेअर लिहीत बसू नये.
- मराठी नावं युनिकोडमध्येच टाइप करावीत. जुन्या डीटीपी फॉन्टमधलं मराठी सर्चला सापडत नाही.
- लेबल वाचायला प्रोग्रॅमची मदत घ्यावी, पण प्रत्येक ओळ माणसाने तपासावी. झाडाचं नाव बॉटनीच्या सरांनी किंवा मॅडमनी तपासावं.

एका शीटला 3 मिनिटं धरली तर हजार शीट्सना 50 तास. रोज संध्याकाळी 2 तास दिले तर 25 दिवस. एवढा वेळ तर आपण सबमिशनच्या फाइल्स कॉपी करण्यात घालवतो!

आणि यात आपल्याला एक गोष्ट येते जी कोपनहेगनच्या सर्व्हरला येत नाही. उदगीर कधी बीदरमध्ये होतं, किनवट कधी आदिलाबादमध्ये होतं, भोकर म्हणजे गाव की लोणचं, हे आपल्या घरातल्या आजी-आजोबांना विचारलं तरी कळतं. कुकसाहेबांच्या ग्रंथात आपला भाग राहून गेला, त्याला इतिहास कारण होता. या वेळी राहून गेला तर आपल्याकडे सांगायला तसं कारण नसेल. तेव्हा ज्यांना मिनी प्रोजेक्टचा विषय अजून मिळाला नसेल, त्यांनी आधी बॉटनीचं कपाट उघडून बघावं. ग्लोव्हज घालून!