बेने इस्रायलांचे सण आणि त्यांची मराठी नावे

कोकणातील जुन्या बेने इस्रायल कुटुंबांत वर्षाचे सण ज्या नावांनी ओळखले जात, ती नावे ऐकल्यावर ती यहुदी धर्मीयांच्या सणांची असतील असे सहसा कोणाच्या मनातही येणार नाही. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, शिळा सण, होळीचा सण, अनशी ढाकाचा सण, बिरड्याचा सण ही नावे शुद्ध मराठी आहेत आणि घरगुती आहेत. त्यांत एकही हिब्रू शब्द नाही. देऊळ, ग्रंथ किंवा राजा यांचाही त्यांत उल्लेख नाही. आहे तो दाराचा, खिरीचा, वालाच्या बिरड्याचा आणि आंबट पदार्थाच्या भांड्याचा. एखाद्या समाजाचा धर्म ग्रंथावाचून शतकानुशतके कसा टिकतो, या प्रश्नाचे उत्तर शोधणाऱ्यास या नावांइतके बोलके साधन क्वचितच मिळेल.

समाजाच्या परंपरेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून आले. त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांचे दफन नवगाव येथेच झाले. हे केव्हा घडले याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकशास्त्रीय संशोधनात या समाजात मध्यपूर्वेकडील यहुदी आणि भारतीय असे दोन्ही वंशांश लक्षणीय प्रमाणात आढळले. तथापि त्यावरून गलबत फुटल्याचे वर्ष निघत नाही. पुढे ही मंडळी पूर्वीच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातील गावोगावी पसरली. किहीमचे किहीमकर, झिराडचे झिराडकर, पेणचे पेणकर, चेऊलचे चेऊलकर, अष्टमीचे अष्टमकर, ही आडनावे आजही त्या गावांची साक्ष देतात. तेलाचे घाणे चालविणे हा त्यांचा मुख्य व्यवसाय होता. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. शब्बाथाची, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीची आज्ञा त्यांनी पाळली आणि त्या पाळण्याचे नाव शेजाऱ्यांनी ठेवले.

ग्रंथ हरपले, हिब्रू भाषा विसरली गेली. शिल्लक राहिले ते शनिवारचे व्रत, मुलाची आठव्या दिवशी सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, काही सण आणि ‘शेमा’ ही एकेश्वरत्वाची घोषणा. बाळाचा जन्म असो वा लग्न, प्रत्येक प्रसंगी हीच एक प्रार्थना म्हटली जाई, कारण दुसरी कोणाला येत नव्हती. समाजात सांगितली जाणारी एक कथा येथे लक्षात घेण्याजोगी आहे. डेव्हिड रहाबी नावाचा एक यहुदी गृहस्थ कोकणात आला. हे लोक आपल्याच धर्माचे आहेत की काय, याची पारख करण्यासाठी त्याने निरनिराळ्या जातींचे मासे स्त्रियांपुढे ठेवले. त्यांनी खवले व पर असलेले मासे तेवढे निवडून घेतले आणि बाकीचे बाजूला सारले. कथेचा काळ कोणता, याचा वाद बाजूस ठेवला तरी तिचा आशय स्पष्ट आहे: धर्माची परीक्षा झाली ती स्वयंपाकघरात, आणि ती उत्तीर्ण केली स्त्रियांनी.

दोन पंचांगांचा मेळ

हे सण मराठी मुलखात इतक्या सहजतेने रुजले, याला कालगणनेचेही एक कारण आहे. यहुदी महिना आपल्या महाराष्ट्रातील महिन्याप्रमाणेच अमावास्येनंतर सुरू होतो. त्याच्या मध्यावर पौर्णिमा येते. चांद्र वर्ष सौर वर्षाशी जुळते ठेवण्यासाठी त्यांच्याकडेही अधिक महिना असतो. 19 वर्षांत असे 7 महिने येतात. त्यामुळे ज्या घरी हिब्रू पंचांग नव्हते, त्या घरालाही आकाशातील चंद्र आणि गावच्या जोशाचा अधिक मास यांच्या आधारे आपला सण साधारणपणे ओळखता येणे शक्य होते. फरक पडे तो मुख्यतः अधिक महिना दोन्हीकडे निरनिराळ्या वर्षी आल्यास.

पुरीम या सणास ‘होळीचा सण’ हे नाव कसे पडले, हे यावरून उलगडते. पुरीम अदार महिन्याच्या 14 व्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेच्या आसपास येतो आणि अदार बहुधा फाल्गुनाशी जुळतो. 2024 मध्ये 24 मार्च रोजी होळी आणि पुरीम एकाच दिवशी आले होते. पुरीमचा विषय मात्र वेगळा. इराणच्या दरबारात यहुद्यांच्या संहाराचा कट रचला गेला आणि राणी एस्तेरने तो उधळून लावला, याचा तो आनंदोत्सव आहे. सणाचे नाव शेजाऱ्यांचे घेतले, आशय आपला ठेवला. त्याच वर्षी 12 ऑक्टोबर रोजी दसरा आणि यहुद्यांचा सर्वांत मोठा उपवास हेही एकत्र आले होते. एका घरी सोने वाटण्याचा दिवस, तर शेजारच्या घरी निर्जळी उपवासाचा.

घराची दारे बंद

हा उपवास म्हणजेच दारफाळणीचा सण. हिब्रूत यास योम किप्पूर, अर्थात प्रायश्चित्ताचा दिवस म्हणतात. तिश्री महिन्याच्या 10 व्या दिवशी तो पाळला जातो. यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजला जात असल्याने आदल्या संध्याकाळीच स्नान करून, पांढरी वस्त्रे नेसून कुटुंबातील माणसे उपवासास बसत. घराची दारे लावून घेतली जात. बाहेरच्या कोणाशी संपर्क ठेवला जात नसे. ‘दारफाळणी’ या नावाचा अर्थच दारे बंद करणे असा आहे. पापक्षालन, न्यायनिवाडा, क्षमा हे शब्द समाजाच्या स्मृतीतून गेले होते. उरली होती ती कृती. शेजाऱ्यांनीही त्या दिवशी हे दार ठोठवायचे नाही हे जाणले असले पाहिजे, एरवी खेड्यात असा नेम चालणे कठीण. दुसऱ्या दिवशी शिळा सण. पूर्वजांचे आत्मे दारफाळणीच्या आदल्या दिवशी घरी येतात व शिळ्या सणास परत जातात, अशी जुनी समजूत होती. त्या दिवशी दानधर्म करावयाचा आणि आप्तेष्टांच्या भेटी घ्यावयाच्या. भाद्रपदातील पितृपक्षाची आठवण येथे सहज व्हावी.

याच तिश्री महिन्याच्या पहिल्या दिवशी नव्याचा सण, म्हणजे रोश हशाना हे वर्षारंभाचे पर्व येते. गव्हाच्या चिकाचा, नारळाचा रस घालून केलेला हलवा हा या दिवसाचा खास पदार्थ. पाठोपाठ खिरीचा सण. नव्या धान्याची नारळाच्या रसातील खीर शिजवून, धूप घालून, शेमा म्हणून ती खाल्ली जाई. धर्मग्रंथात अशा सणाचा पत्ता नाही. सुगीच्या सुमारास येणाऱ्या मांडवांच्या सणाचा, म्हणजे सुक्कोथचा, हा अवशेष असावा असे काही अभ्यासक मानतात. कोकणच्या भातशेतीत नवान्नाचा विधी आधीच रूढ होता, हेही विसरता येत नाही. दोन्ही कारणे एकत्र आली असतील. खिरीत नारळाचा रसच का, याचे उत्तर मात्र निश्चित देता येते. मांसाबरोबर दूध-दुभते खाण्यास यहुदी धर्मात मनाई आहे. नारळाच्या रसाला ही मनाई लागू नाही. कोकणात नारळ मुबलक असल्याने धर्माचा निर्बंध आणि भूमीचे पीक यांची येथे चांगलीच सांगड पडली. द्राक्षांची दारू मिळत नसे, म्हणून शब्बाथाच्या आशीर्वादासाठी काळ्या मनुकांचे सरबत वापरण्याची रीतही अशीच रूढ झाली.

वसंतात येतो तो अनशी ढाकाचा सण. हा पेसाह, म्हणजे मिसर देशातील दास्यातून मुक्त झाल्याचे स्मरण. या आठ दिवसांत आंबवलेले धान्य घरात ठेवावयाचे नाही, असा दंडक आहे. इतर देशांतील यहुदी यासाठी पावाचा कण न् कण शोधून काढतात. कोकणातील माणसाच्या रोजच्या जेवणात पाव नव्हताच. भात आणि भाकरी हा त्याचा आहार. मग ‘आंबवणे’ टाळावयाचे म्हणजे काय? त्याने घरातील आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवले. तपशील बदलला, तरी आज्ञेचा गाभा सुटला नाही.

बिरड्याचा सण हा आव महिन्याच्या 9 व्या दिवसाचा, म्हणजे आषाढ-श्रावणातला. जेरुसलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले, त्याचा हा शोकदिन. मंदिराची आठवण पुसली गेली होती. उपवास आणि वालाचे बिरडे मात्र राहिले.

काय नव्हते

मंदिराच्या पुनर्शुद्धीचा हनुक्का हा दीपोत्सव जुन्या बेने इस्रायलांना ठाऊक नव्हता. त्यामागील घटना ख्रिस्तपूर्व 164 मधील आहे. ज्या अर्थी हा सण नव्हता, त्या अर्थी पूर्वज त्याआधीच भारतात आले, असे अनुमान हाइम सॅम्युएल किहीमकर यांनी मांडले. किहीमकर हे समाजाचे पहिले मोठे इतिहासकार आणि मुंबईतील इस्रायली शाळेचे संस्थापक. त्यांचा इंग्रजी इतिहास 1897 मध्ये लिहून झाला होता, पण छापला गेला 1937 मध्ये, तेल अवीवमध्ये. अनुमान आकर्षक असले तरी ते भक्कम म्हणता येत नाही. जो समाज ग्रंथ आणि भाषा विसरू शकतो, तो एखादा सणही विसरू शकतो.

हनुक्का आणि इतर सण हिब्रू नावांनिशी परतले ते अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत. कोचीनहून शिक्षक आले. 1796 मध्ये सॅम्युएल इझेकिएल दिवेकर यांनी मुंबईत समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. त्याला पुढे ‘जुनी मशीद’ म्हणत. डॉ. जॉन विल्सन या ख्रिस्ती मिशनऱ्याने 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. धर्मांतराचा त्याचा हेतू फारसा सफल झाला नाही. लोक हिब्रू मात्र शिकले. पेसाहच्या रात्री वाचावयाची ‘हग्गादा’ मराठी भाषांतरासह 1846 मध्ये मुंबईस निघाली. 1874 मध्ये पुण्यास निघालेल्या हग्गादेत बिनआंबवलेल्या रोट्या लाटणाऱ्या व भाजणाऱ्या लुगडी नेसलेल्या स्त्रियांची चित्रे आहेत. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनाग्रंथांची मराठी भाषांतरे केली. 1880 च्या सुमारास बेंजामिन सॅमसन अष्टमकर आदींनी हरिदासी कीर्तनाच्या धर्तीवर अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावण्यास प्रारंभ केला. पूर्वरंग, उत्तररंग, साकी, दिंडी, सारे तेच. कथानायक तेवढा वेगळा. शास्त्र शिकल्यावर समाजाने मराठी टाकली नाही, शास्त्रच मराठीत आणले, ही बाब शिक्षकांनी विशेष ध्यानात घ्यावी अशी आहे.

मलिदा

ज्याचे नाव अजूनही बदलले नाही असा विधी म्हणजे मलिदा. नवस फेडताना, लग्नापूर्वी किंवा घरातील कोणत्याही शुभकार्यात तो होतो. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलची व सुका मेवा एकत्र करून मोठ्या ताटात मांडतात, भोवती फळे रचतात आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे संदेष्टा एलिया, याचे स्तवन करून प्रसाद वाटतात. अलिबागजवळ खंडाळे येथील खडकावर या संदेष्ट्याच्या रथाची खूण उमटली आहे, अशी श्रद्धा आहे. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेस, साधारणपणे पौष-माघात, त्याचा ‘उरूस’ मानला जातो. उरूस हा शब्द मुसलमान शेजाऱ्यांचा, पोहे-खोबरे कोकणाचे, संदेष्टा बायबलमधील. जगातील अन्य यहुदी समाजांत हा विधी या स्वरूपात आढळत नाही.

1948 मध्ये इस्रायलचे राज्य स्थापन झाल्यावर स्थलांतर सुरू झाले. तेथेही मार्ग सुकर नव्हता. बेने इस्रायलांशी विवाह धर्मसंमत आहे काय, असा प्रश्न तेथील धर्मपीठाने उपस्थित केला. त्याविरुद्ध समाजाने मोठे आंदोलन केले आणि 1964 मध्ये त्यांना समान दर्जा मान्य झाला. ज्या सणांनी कोकणात त्यांचे यहुदीपण राखले, ते सण तेथे अपुरे मानले गेले, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल. 2011 च्या जनगणनेत भारतातील यहुद्यांची संख्या पाच हजारांच्या आत आली. महाराष्ट्र शासनाने 2016 मध्ये या समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. अलिबाग, रेवदंडा, पेण, पनवेल येथे प्रार्थनामंदिरे उभी आहेत. आसपासच्या अनेक खेड्यांत आता दफनभूमी तेवढी राहिली असून तिची नोंद ‘मोकळी जागा’ अशी होऊन जाण्याचा धोका असतो. ग्रामपंचायतीने अशा जागेची हद्द, थडग्यांची संख्या व त्यांवरील मराठी-हिब्रू लेख नोंदवून ठेवले, तर ती नोंद गावच्या इतिहासाचा भाग होईल.

सणांच्या जुन्या नावांना तेवढेही संरक्षण नाही. तरुण पिढी योम किप्पूर आणि पेसाह म्हणते, आणि शास्त्रदृष्ट्या ते योग्यच आहे. दारफाळणी व अनशी ढाका हे शब्द वृद्धांच्याच तोंडी ऐकू येतात. रायगड जिल्ह्यातील शिक्षकांना गावातील जुन्या शेजाऱ्यांकडून, ते कोणत्याही धर्माचे असोत, ‘शनवार तेल्यां’च्या घाण्याच्या, बंद दाराच्या आणि शिळ्या सणाला वाटलेल्या दानाच्या आठवणी अद्याप मिळू शकतील. लोद, अश्दोद, दिमोना या इस्रायलमधील गावांत मराठी बोलणारी घरे आहेत, आणि तेथेही लग्नाआधी पोहे भिजत घातले जातात.