रोजकीर्दीची दुसरी प्रत : संगणकातील नोंदी कशा जपाव्यात?

पांढुर्णा व सौंसर हा संत्र्यांचा आणि कापसाचा मुलूख. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत तो मध्य प्रदेशात राहिला आणि २०२३ मध्ये छिंदवाडा जिल्ह्यातून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. सीमा बदलल्या, तरी शेतकऱ्याचा जीव खसऱ्यात गुंतलेला असतो, हे बदललेले नाही. पूर्वी पटवाऱ्याच्या बस्त्यात असणारी नोंद आता संगणकात असते. बस्ता वाळवीपासून जपावा लागे. संगणकातील नोंद कशी जपावी, हे कर्मचारी, शिक्षक व ग्रामस्थ या सर्वांनीच समजून घेणे अगत्याचे आहे.

दुकानदार आधी रोजकीर्द लिहितो व मग खतावणी करतो. माहितीसंग्रह सांभाळणारी संगणकप्रणालीही तेच करते. नामांतरणासारखा बदल आला की तो प्रथम 'लॉग'मध्ये लिहिला जातो आणि यथावकाश मूळ संग्रहात उतरतो. मध्येच वीज गेली, तरी या रोजकीर्दीवरून खाते पूर्ण करता येते. १९८६ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात सुरू झालेल्या प्रकल्पातून पुढे आलेल्या 'पोस्टग्रेस' या प्रणालीत हा लॉग सामान्यतः १६ मेगाबाइटच्या फाइलींत विभागलेला असतो. भरलेली प्रत्येक फाइल दुसऱ्या संगणकावर पाठविली जावी, अशी व्यवस्था करता येते. मग पहिला संगणक निकामी झाला, तरी आधीची पूर्ण प्रत आणि त्यानंतरच्या फाइली यांवरून दप्तर पुन्हा उभे करता येते.

ही पाठवणी अडली, तर पहिले लक्षण म्हणजे पहिल्या संगणकाची डिस्क भरत जाणे. पोच मिळाल्यावाचून प्रणाली फाइल काढून टाकीत नाही. डिस्क पूर्ण भरली की काम थांबते. अशा वेळी जागा करण्यासाठी लॉगच्या फाइली हाताने पुसणे हा सर्वांत मोठा प्रमाद होय. तपासणी पुढील क्रमाने करावी :

१. शेवटी पोचलेली फाइल व अडलेली फाइल कोणती, हे प्रणालीच्या नोंदीत पाहावे.

२. दुसरा संगणक चालू आहे काय, जोडणी शाबूत आहे काय व तेथे जागा आहे काय, हे पाहावे.

३. प्रणाली ज्या खात्याच्या नावाने चालते, त्याच नावाने एक चाचणी फाइल पाठवावी. स्वतःच्या नावाने पाठवणी यशस्वी झाली, एवढ्यावर विसंबू नये. दोन खात्यांचे अधिकार वेगळे असू शकतात.

४. त्याच नावाची फाइल पलीकडे आधीच असल्यास तीवर दुसरी लिहू नये. दोन्ही ताडून पाहाव्यात. तुटलेल्या जोडणीमुळे अर्धवट राहिलेली प्रत बाजूला काढून पूर्ण फाइल पुन्हा पाठवावी.

याहून घातक दोष म्हणजे फाइल न पोचताच पोच मिळणे. पाठविणारी आज्ञा सदोष असल्यास असे घडते. मग मूळ फाइलही नाहीशी होते व साखळीतील एक कडी कायमची तुटते. तिच्यापुढच्या फाइली जुन्या प्रतीला जोडता येत नाहीत. म्हणून क्रमांक सलग आहेत काय, हे नियमाने तपासावे आणि खंड आढळताच संपूर्ण संग्रहाची नवी प्रत तत्काळ घ्यावी.

दुसरी प्रत आहे, एवढ्याने निर्धास्त राहता येत नाही. ठराविक काळाने तिसऱ्या संगणकावर त्या प्रतीवरून दप्तर उभे करून पाहावे आणि एखादा ओळखीचा खसरा काढून तो मूळ नोंदीशी ताडावा. वडिलांच्या पश्चात आपल्या नावे झालेली जमीन शेतकऱ्याला त्यात दिसली, तरच ती प्रत खरी.