नमुना दाखवून नियम मिळत नाहीत

मोंगोडीबीसारख्या डॉक्युमेंट डेटाबेसमधल्या काही नोंदी एखाद्या साधनाला दाखवायच्या आणि पडताळणीची स्कीमा, म्हणजे नोंदीत काय असावे याची नियमावली, त्याच्याकडूनच तयार करून घ्यायची, ही सोय मीही वापरतो. पण त्यातून निघालेली स्कीमा जशीच्या तशी लागू करू नये, असे माझे ठाम मत आहे. आजवर काय आले, एवढेच साधन सांगू शकते. उद्या काय येऊ द्यायचे, हे पडताळणीने ठरवायचे असते. नोंदीच्या पोटात नोंद, तिच्या पोटात यादी अशी रचना असली, की या दोहोंतले अंतर चटकन लक्षात येत नाही.

इंदूरचे उदाहरण घेऊ. इथे घरोघरचा कचरा सहा प्रकारांत वेगळा घेतला जातो आणि शहरात ८५ वॉर्ड आहेत. समजा, या संकलनाची नोंद ठेवायची आहे. प्रत्येक घराच्या नोंदीत पत्ता, पत्त्यात कॉलनी, वॉर्ड आणि पिनकोड. शिवाय रोजच्या संकलनाची यादी आणि तिच्या प्रत्येक घटकात कचऱ्याचा प्रकार व वजन. नमुन्यादाखल दिलेल्या नोंदींत ई-कचरा आलाच नसेल, तर प्रकारांची यादी बांधून देणारे साधन पाचच नावे लिहील आणि सहाव्या प्रकाराची खरीखुरी नोंद नाकारली जाईल. उलट पिनकोड कोणी संख्या म्हणून साठवला असेल, तर साधन त्याला संख्याच समजेल आणि ४५ हा आकडाही पिनकोड म्हणून खपून जाईल. पिनकोड मजकूर म्हणून ठेवावा, त्यात सहाच अंक असावेत, पहिला शून्य नसावा, हे विषय जाणणाऱ्या माणसानेच लिहावे लागते.

आतल्या पातळ्यांवरची फसगत अधिक छुपी असते. ‘रिक्वायर्ड’चा नियम ज्या पातळीवर लिहिला, तेवढ्यापुरताच चालतो. पत्त्यात वॉर्ड अनिवार्य केला, पण मुळात पत्ताच अनिवार्य केला नाही, तर पत्ता नसलेली नोंद बिनबोभाट आत जाते. पत्ता हा ऑब्जेक्टच हवा, असे ‘बीसन-टाइप’ने बजावले नाही, तर तिथे नुसता मजकूर आल्यास आतले नियम लागूच होत नाहीत. यादीचेही तसेच. सर्वांत वरच्या पातळीवर ‘अ‍ॅडिशनल प्रॉपर्टीज’ना मनाई केली आणि प्रत्येक नोंदीत असणाऱ्या ‘अंडरस्कोर आयडी’चा उल्लेख राहून गेला, तर एकही नोंद शिरत नाही. शिवाय सर्वसाधारण जेसन स्कीमा बनवणारी साधने वारंवार येणारा भाग ‘रेफ’ने जोडतात आणि ‘इंटिजर’ हा प्रकार लिहितात. मोंगोडीबीला हे दोन्ही चालत नाही.

यावर आक्षेप येतो, की लवचीकपणासाठीच हा डेटाबेस निवडला, मग बंधने कशाला? पण खुद्द मोंगोडीबीनेच २०१५मध्ये ३.२ आवृत्तीत पडताळणी आणली आणि २०१७च्या ३.६ आवृत्तीत तिला जेसन स्कीमाची जोड दिली. पिनकोड घट्ट आणि शेऱ्याचा रकाना मोकळा, असे एकाच स्कीमेत करता येते. दुसरा आक्षेप असा, की अ‍ॅपचा कोड तपासणी करतोच. करतो, पण डेटा केवळ अ‍ॅपमधून येत नाही. आयातीची स्क्रिप्ट, जुनी आवृत्ती, दुसरी एखादी सेवा, या वाटाही असतातच. कचरा दारातच वेगळा करणे हे डेपोत निवडत बसण्यापेक्षा सोपे, हे इंदूरकरांना वेगळे सांगायला नको.

म्हणून माझा सल्ला असा. साधनाची स्कीमा कच्चा मसुदा माना. प्रत्येक पातळीवर काय अनिवार्य, कशाचा प्रकार कोणता, हे स्वतः ठरवा. आधी पडताळणी ‘वॉर्न’वर ठेवा, नोंदी अडत नाहीत, पण लॉगमध्ये चुका दिसतात. आधीपासून साठलेल्या नोंदी नियम लावल्याने आपोआप तपासल्या जात नाहीत, त्यामुळे स्कीमेत न बसणाऱ्या नोंदी क्वेरीने शोधून काढा. त्या दुरुस्त होईपर्यंत ‘मॉडरेट’ पातळी ठेवली, तर त्यांच्यातले बदल अडत नाहीत. नंतर ‘एरर’ आणि ‘स्ट्रिक्ट’ लावा, ५.० आवृत्तीपासून नोंद का नाकारली, याचे तपशीलवार कारणही मिळते. आणि प्रत्येक नियमासाठी मुद्दाम चुकीची एक नोंद घालून पाहा. ती नाकारली गेली नाही, तर तो नियम केवळ कागदावरच आहे.