श्रामणेर शिबिराची शिदोरी : पालकांसाठी एक पाठ

वैशाख पौर्णिमा जवळ आली की आपल्या जिल्ह्यातील गावोगावच्या विहारांतून श्रामणेर शिबिराची सूचना वाचली जाते. दहा दिवसांसाठी मुलगा घर सोडतो, मुंडन करून चीवर धारण करतो आणि दहा शिलांचे पालन करतो. अशा वेळी पालक आम्हांस हमखास एकच प्रश्न विचारतात : “मुलाच्या बॅगेत काय काय भरावे?” प्रश्न साधा आहे, परंतु त्याचे उत्तर देताना आम्हांस विनयाकडे आणि आपल्या स्वतःच्या इतिहासाकडेही वळावे लागते.

१. प्रथम संमती

राहुलाची पब्बज्जा झाली तेव्हा शुद्धोदन राजा व्यथित झाला. पुत्र गेला, आता नातूही गेला. आईवडिलांच्या अनुज्ञेवाचून कोणत्याही मुलाला पब्बज्जा देऊ नये, अशी विनंती त्याने भगवंतांना केली आणि भगवंतांनी तसा नियमच घालून दिला. महावग्गातील हा प्रसंग आमच्या मते पालकांच्या अधिकाराइतकाच त्यांच्या जबाबदारीचाही आहे. प्रवेशपत्रावर केलेली सही म्हणजे अनुज्ञा नव्हे. मूल कोठे जाते, तेथे कोणते नियम आहेत, हे समजून घेऊन दिलेली ती अनुज्ञा.

वयाविषयीही महावग्गात एक मार्मिक कसोटी आहे. पंधरा वर्षांखालील मुलास पब्बज्जा देऊ नये, असा नियम होता. पुढे रोगात कुटुंब दगावून दोन मुले उरली, तेव्हा आनंदाच्या विचारण्यावरून, कावळे हाकलता येतील एवढ्या मुलास ती द्यावी, अशी मुभा मिळाली. ज्वारीच्या शेतात गोफण घेऊन राखण केलेल्या आपल्या पिढीला ही कसोटी वेगळी समजावून सांगावी लागत नाही. स्वतःची थोडीफार राखण करता येणे, ही शिबिराची पहिली पात्रता होय.

म्हणून निघण्यापूर्वी पंधरा दिवस मुलाला स्वतःचे कपडे धुवू द्यावेत, ताट घासू द्यावे, अंथरूण घालू व आवरू द्यावे. बॅगही त्याच्याच हाताने भरवावी. आईने भरलेल्या बॅगेतील वस्तू मुलाला सापडत नाहीत, हा आमचा दरवर्षीचा अनुभव आहे.

२. आठ वस्तूंचा संसार

भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कायबंधन आणि पाणी गाळण्याचे वस्त्र एवढेच येते. नीट पाहिले तर यात वस्त्र, अन्न, स्वच्छता, दुरुस्ती आणि शुद्ध पाणी या पाचही गरजा भागल्या आहेत. त्याच धोरणाने मुलाची यादी करावी :

पांढऱ्या कपड्यांचे दोन जोड (चीवर धारण करण्यापूर्वी व उतरविल्यानंतर लागतात); आतील कपडे चार; पंचा; सतरंजी व चादर; ताट, वाटी, पेला; पाण्याची बाटली; अंगाचा व कपड्यांचा साबण, दंतमंजन; सुईदोरा; वही व पेन; चालू असलेली औषधे. चीवर शिबिरात मिळणार की घरून न्यावयाचे, हे आधी विचारून घ्यावे. मुंडन केलेल्या डोक्याला मे महिन्याचे ऊन फार लागते. म्हणून डोक्यावर घेण्यास एक सुती रुमाल अवश्य द्यावा.

काय देऊ नये, हे शिलांनीच ठरवून दिले आहे. विकाल भोजन वर्ज्य असल्याने लाडू-चिवड्याचा डबा नको. नृत्य-गीत, माला-गंध वर्ज्य असल्याने मोबाइल व अत्तर नको. उंच व ऐसपैस शय्या वर्ज्य असल्याने गादी नको. सुवर्ण-रजत वर्ज्य असल्याने पैसे व गळ्यातील साखळीही नको. मूल भुकेजेल म्हणून कपड्यांखाली लपवून ठेवलेला डबा त्याला पहिल्याच दिवशी लपवाछपवी शिकवतो. मात्र पाणी केव्हाही वर्ज्य नाही आणि औषधही नाही. ज्या मुलास आजारामुळे वेळेवर खावे लागते, त्याच्याविषयी डॉक्टरांशी व भन्तेजींशी आधीच बोलावे.

३. पाणी आणि निरोप

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये आपल्या बालपणीचा एक उन्हाळी प्रवास सांगितला आहे. वडील नोकरीनिमित्त दूर होते आणि सुटीत मुलांना तेथे जावयाचे होते. तयारी जय्यत होती : नवे सदरे, चमकदार टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे आणि भरपूर शिदोरी. मुले साताऱ्याहून निघून मसूर स्थानकावर उतरली. परंतु मुले येत असल्याचे पत्र वडिलांच्या हाती पडलेच नव्हते. घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच गाडीवान मिळेना. दुप्पट भाडे देऊन आणि गाडी स्वतः हाकण्याचे कबूल करून ती निघाली. रात्री नाक्यावर पाणी मिळाले नाही. अन्न जवळ असूनही पाण्यावाचून ते खाता आले नाही. मुले उपाशी झोपली.

दोष त्या शिदोरीचा नव्हता, अस्पृश्यतेचा होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर ओंजळ भरली गेली, त्यामागे अशा अनेक तहानलेल्या रात्री होत्या. आज आपली मुले शिबिरात एकाच माठातून पाणी पितात. ते पाणी मुलाला कोणी मिळवून दिले, हे त्याला घरून निघतानाच सांगावे.

त्याच प्रवासाचा दुसरा धडा निरोपाचा आहे. तो आम्ही उशिरा शिकलो. एका वर्षी घाटाखालून आलेला दहा-अकरा वर्षांचा एक मुलगा तिसऱ्या दिवशी भोवळ येऊन पडला. त्याच्या बॅगेत दोन नव्या बाटल्या होत्या. बाटल्या भरलेल्या होत्या. तो पाणी पीत नव्हता. रात्री अंथरूण ओले होईल आणि मुले हसतील, ही त्याची भीती होती. त्याच्या आईला हे ठाऊक होते. संकोचाने ती बोलली नाही. आम्ही प्रवेशपत्रात नाव, गाव, इयत्ता विचारली होती. हे विचारले नव्हते. चूक आमची होती. मुलगा सावरला, त्याची झोपण्याची जागा दाराजवळ केली, रात्री त्याला एकदा उठविण्याचे काम एका शिक्षकाने घेतले आणि दहाही दिवस त्याने पूर्ण केले.

तेव्हापासून आम्ही प्रत्येक पालकाकडून एक बंद पाकीट मागतो. त्यात लिहावे : मुलाला कोणता आजार आहे, कोणते औषध किती वाजता, कशाची भीती वाटते, रात्री काय होते, घरात नुकतेच काही दुःख घडले आहे काय. हे पाकीट शिबिरप्रमुखाच्या हातात द्यावे, मुलाच्या बॅगेत ठेवू नये. बॅगेतील सर्व वस्तू विसरल्या तरी विहारात त्या मिळतील. हा निरोप मात्र घरूनच यावा लागतो.

४. स्वाध्याय

अ) मुलाने स्वतः यादी करावी. प्रत्येक वस्तूपुढे ती वस्त्र, अन्न, स्वच्छता, दुरुस्ती, पाणी वा औषध यांपैकी कशासाठी आहे, ते लिहावे. जिच्यापुढे काही लिहिता येत नाही, ती घरी ठेवावी.

आ) भरलेली बॅग खांद्यावर घेऊन मुलाने घरापासून एस. टी. थांब्यापर्यंत चालून पाहावे.

इ) पालकांनी मुलाला विचारावे : “तुला जावेसे वाटते का?” उत्तर ‘नाही’ असेल, तर पुढील वर्षाची वाट पाहावी. शुद्धोदनाचे दुःख जाणणाऱ्या धम्मात लेकराच्या मनाची घाई नाही.

सर्वांचे मंगल होवो.