पाठीवर सॅक, सॅकमध्ये ओआरएस

सॅक पाठीवर टाकून महिना-दोन महिने भारत फिरायचा, सारनाथ, बोधगया, कुशीनगर करायचे, तर ठिकठिकाणचे पाणी पोटात जाते आणि एखाद्या दिवशी जुलाब लागतात. तेव्हा आपण पाणीच बंद करतो. गाडीतला संडास घाण म्हणून आपल्या आयाबहिणी तर आधीपासूनच कमी पितात. इथेच घात होतो. जुलाबात जीव जातो तो बहुधा अंगातले पाणी व क्षार संपल्याने.

१९७१ साली बनगावला बांगलादेशी निर्वासितांत पटकी पसरली, सलाईन संपत आले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज व खाण्याचा सोडा घातलेले पाणी पाजले आणि मृत्यू खूप घटले.

म्हणून सॅकमध्ये ओआरएसच्या पुड्या ठेवू. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती कालवू. पुडी नसेल तर उकळून गार केलेल्या १ लिटर पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालू. प्रत्येक जुलाबानंतर घोटघोट पिऊ.

शौचात रक्त आले, ताप चढला, लघवी थांबली किंवा गुंगी आली, तर पुढची गाडी सोडून देऊ. जवळचा सरकारी दवाखाना गाठू.