कबरीजवळचा मिहराब

मशिदीच्या ज्या भिंतीकडे तोंड करून नमाज पढतात, तिच्यातील कमानदार कोनाड्यास मिहराब म्हणतात. मक्केची दिशा, म्हणजे किब्ला, दाखविणे हे त्याचे कार्य होय. मग तो कबरींच्या वास्तूंतही का आढळतो? कबरीच्या दर्शनास येणारे भाविक तेथे नमाजही पढतात. पण त्या वेळी त्यांचे मुख कबरीकडे नव्हे, तर मक्केकडे असावे लागते. आदर मृताचा, उपासना मात्र ईश्वराची, हा भेद मिहराब स्पष्ट करतो.

याचे एक श्रेष्ठ उदाहरण म्हणजे इराणमधील वरामीन येथील इमामजादा याह्या या वास्तूचा मिहराब. काशानचा कारागीर अली इब्न मुहम्मद इब्न अबी ताहिर याने तो इ. स. १२६५ मध्ये घडविला. एकात एक बसविलेल्या कमानी, उठावाची निळी कुराणवचने आणि सोन्यासारखी चकाकणारी वेलबुट्टी असे त्याचे रूप आहे. उंची सुमारे पावणेचार मीटर. विशेष म्हणजे यात सोने मुळीच नाही! पांढरी झिलई देऊन एकदा भाजलेल्या फरशांवर चांदी व तांबे यांच्या संयुगांनी चित्रण करीत आणि त्या धुराने कोंदलेल्या भट्टीत मंद आचेवर पुन्हा भाजीत. प्राणवायू कमी पडल्याने धातूचा अतिशय पातळ थर झिलईवर उरे व तोच झळके.

ही विद्या त्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या चालली. पित्याने मिहराब घडविला, तर त्याच वास्तूतील कबरीवरील फरशा १३०५ मध्ये पुत्र यूसुफ याने सहकाऱ्यासह तयार केल्या. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तेथील फरशा उखडून विकल्या गेल्या. पुत्राचे काम आज रशियात सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाज संग्रहालयात आहे. पित्याचा मिहराब १९४० मध्ये एका धनिक अमेरिकन महिलेने विकत घेतला. तो आता हवाई बेटांवरील होनोलुलू येथे आहे.

वरामीनच्या भिंतीवर मिहराबाची मोकळी जागा तेवढी शिल्लक आहे. तरीही भाविक येतात आणि त्याच दिशेने नमाज पढतात. संग्रहालयाने फरशा सांभाळल्या हे खरे. पण मिहराबाचा अर्थ त्याच्या जागेशी बांधलेला असतो. म्हणून कलेच्या अभ्यासकाने कोणतीही वस्तू पाहताना ‘ती किती सुंदर आहे?’ या प्रश्नाबरोबरच ‘ती मुळात कोठे होती?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे.