ग्राफिक्स कार्डाचं व्होल्टेज वाढवायचंय? लाखांदुरात बसून खर्च किती येतो

ओव्हरक्लॉकिंग एका मर्यादेपर्यंत सहज जमतं. पुढे क्लॉक थोडा जरी वाढवला तरी गेम बंद पडतो, स्क्रीन काळी होते. मग सल्ला मिळतो, ‘व्होल्टेज वाढवा.’ ते वाढवता येतं, पण लाखांदुरात त्याचा हिशेब नागपूर-पुण्यासारखा नाही. कार्ड बिघडलं तर पवनी-भिवापूर-उमरेड मार्गे शंभराहून अधिक किलोमीटर दूर नागपूरला न्यावं लागतं, आणि तेही बहुधा दोनदा: एकदा टाकायला, एकदा आणायला. म्हणून आधी पैसे मोजा, मग स्क्रू काढा.

पहिला मार्ग फुकट आहे. एमएसआय आफ्टरबर्नर हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं आणि बहुतेक कंपन्यांच्या कार्डांवर चालतं. सेटिंगमध्ये व्होल्टेज कंट्रोल अनलॉक करा, सॉफ्टवेअर पुन्हा सुरू करा, की व्होल्टेजची पट्टी सरकवता येते. एनव्हिडियाच्या २०१६ नंतरच्या कार्डांवर ही पट्टी टक्क्यांत असते. ती शंभरावर नेली म्हणजे व्होल्टेज दुप्पट होत नाही. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेतले वरचे काही टप्पे तेवढे खुले होतात. जीटीएक्स १०८० वर ही कमाल मर्यादा साधारण १.०९३ व्होल्ट आहे. यातून ५० ते १०० मेगाहर्ट्झ मिळाले तर खूप झालं. कार्ड २००० मेगाहर्ट्झवर चालत असेल तर ही वाढ अडीच ते पाच टक्के. ६० फ्रेमचे ६२-६३ होतील. लग्नाच्या व्हिडिओचं एडिटिंग करत असाल तर तासाभराच्या रेंडरमध्ये फार तर तीन मिनिटं वाचतील. डाउनलोड मात्र एमएसआयच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. या नावाच्या बनावट साइटबद्दल खुद्द एमएसआयने २०२१ मध्ये इशारा दिला होता.

दुसरा मार्ग कार्डाचा बायॉस, म्हणजे त्याच्या चिपमधलं मूळ सॉफ्टवेअर, बदलण्याचा. इथे फसवणुकीला जागा आहे, म्हणून नीट वाचा. एनव्हिडियाच्या अलीकडच्या पिढ्यांच्या कार्डांवर कंपनीची डिजिटल सही नसलेला बायॉस चालत नाही. ‘तुमच्या आरटीएक्स कार्डाचा बायॉस एडिट करून देतो, दीड हजार द्या’ असं कोणी म्हणालं, तर तो बहुधा दुसऱ्या मॉडेलचा बायॉस तुमच्या कार्डात भरणार असतो. पैसे देण्याआधी विचारा: कोणत्या कार्डाचा बायॉस टाकणार? मूळ बायॉसची प्रत मला देणार का? उत्तर गुळमुळीत आलं तर कार्ड उचला आणि निघा. बायॉस भरणं (फ्लॅश) फसलं तर चिप बाहेरून लिहावी लागते. त्यासाठीचा सीएच३४१ए प्रोग्रामर आणि क्लिप साधारण ३०० ते ६०० रुपयांत ऑनलाइन मिळतात. अनेक नव्या कार्डांची बायॉस चिप १.८ व्होल्टची असते. तिला वेगळा अडॅप्टर न लावता जोडलं तर चिप जळू शकते.

तिसरा मार्ग सोल्डरिंगचा. व्होल्टेज कंट्रोलरच्या फीडबॅक पिनपासून ग्राउंडपर्यंत एक बदलता रेझिस्टर जोडतात. कंट्रोलरला व्होल्टेज कमी आहे असं भासतं आणि तो ते वाढवतो. साहित्य स्वस्त आहे: रेझिस्टर १० ते ३० रुपये, बारीक टोकाची सोल्डरिंग आयर्न ३०० ते ८००, कामचलाऊ मल्टिमीटर ४०० ते ७००, थर्मल पेस्ट आणि पॅड ५०० ते १२००. बाराशे ते पावणेतीन हजारांत सगळं येतं. हे आकडे अंदाजे आहेत. नागपुरात सीताबर्डीवर दोन दुकानांत विचारा, ऑनलाइन भाव पाहा आणि पक्कं बिल घ्या.

खरा खर्च मात्र या यादीत दिसत नाही. सोल्डरिंग केलं की वॉरंटी गेली. सेवा केंद्रात कार्ड उघडून पाहतात आणि सोल्डरची खूण लपत नाही. तीस हजारांचं कार्ड असेल, वॉरंटीची दोन वर्षं बाकी असतील, तर तुम्ही तीस हजारांची जोखीम पत्करताय. बदल काढून टाकून ‘आपोआप बंद पडलं’ असं सांगत वॉरंटी मागू नका. ती फसवणूक आहे.

मग पॉवर सप्लाय. वीजवापर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. व्होल्टेज १० टक्के वाढवलं की त्याच क्लॉकवर २१ टक्के जास्त वीज लागते. वर क्लॉक पाच टक्के वाढवला, तर २०० वॅटचं कार्ड ढोबळमानाने २५० च्या पुढे जातं. रोज चार तास खेळलात तर महिन्याला साडेसहा युनिट जास्त. युनिटला १२ रुपये धरले तरी ७८ रुपये, म्हणजे महावितरणचं बिल ही काळजीची गोष्ट नाही. काळजी जुन्या, स्वस्त पॉवर सप्लायची. ८ पिनची एक जोडणी १५० वॅटसाठी, ६ पिनची ७५ साठी आणि स्लॉट ७५ साठी असतो. कार्डाचा वापर तुमच्या जोडण्यांच्या बेरजेपलीकडे नेऊ नका. सप्लाय जुना किंवा स्वस्तातला असेल तर चांगल्या कंपनीच्या ६५० वॅट सप्लायसाठी आणखी साडेचार ते सहा हजार बाजूला ठेवा. घरातलं अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्या. ते नसेल तर बाकी काहीच करू नका.

आता ऊन. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. खोली २७ अंशांवरून ४२ वर गेली की कार्डही जवळपास तेवढंच जास्त तापतं. एनव्हिडियाची बरीच कार्डं ८३ अंशांच्या आसपास स्वतःहून क्लॉक उतरवतात. व्होल्टेज वाढवून मिळवलेले मेगाहर्ट्झ उन्हाळ्यात उष्णतेतच जातात. पीसी खोलीतल्या कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. ती ओलसर हवा उघड्या सोल्डरला घातक आहे. धानाच्या मळणीच्या दिवसांत पंख्यातली धूळ आणि तूस आठवड्याला ब्रशने काढा.

दोन शॉर्टकट कटाक्षाने टाळा. रेझिस्टरवर पेन्सिल घासण्याचा जुना उपाय सांगतात. ग्राफाइटचा थर निघून जातो आणि व्होल्टेजचा भरवसा राहत नाही. दुसरा, कार्डाची वीज मोजणाऱ्या शंट रेझिस्टरवर लिक्विड मेटल लावण्याचा. त्यातलं गॅलियम सोल्डरचे सांधे खातं. शिवाय शंट बदलला की सॉफ्टवेअरला खऱ्यापेक्षा कमी वीज दिसते आणि केबल वितळेपर्यंत तुम्हाला कळत नाही.

काम दुकानात देणार असाल तर ही कागदपत्रं तयार ठेवा: जीएसटी क्रमांक असलेलं मूळ बिल, कार्डाच्या सिरियल नंबरचा फोटो, दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो आणि कार्ड चालू असल्याचा छोटा व्हिडिओ. जॉब शीटवर ‘कार्ड चालू स्थितीत घेतलं’ असं लिहून घ्या. तपासणीचं शुल्क परत मिळतं का, पेस्ट-पॅडचे वेगळे पैसे आहेत का, काम फसलं तर मजुरी द्यायची का, हे आधी विचारा. ‘जबाबदारी ग्राहकाची’ असं छापलेल्या कागदावर न वाचता सही करू नका. दुकानाने निष्काळजीपणा केला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दुकान नागपूरचं असलं तरी तुम्ही भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाऊ शकता. वस्तू किंवा सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. मुदत दोन वर्षं.

माझा सल्ला उलट दिशेचा आहे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ एकत्र दाबा, व्होल्टेजचा आलेख उघडेल. तोच क्लॉक आधी ०.९५ आणि मग ०.९० व्होल्टवर चालतो का ते पाहा. प्रत्येक पायरीवर अर्धा तास गेम चालवून खात्री करा. बहुतेक कार्डांत उष्णता उतरते, पंख्याचा आवाज कमी होतो आणि उन्हाळ्यात क्लॉक टिकून राहतो. एका संध्याकाळचं काम, खर्च शून्य. सोल्डरिंग आयर्न हातात घ्यायचीच असेल, तर वॉरंटी संपलेल्या आणि गमावलं तरी चालेल अशा जुन्या कार्डावर घ्या. ज्या कार्डावर तुमचं पोट किंवा मुलांचा अभ्यास चालतो, त्याला हात लावू नका.